गोजराआत्याची पहिली पंगत

फार फार वर्षं झाली. पळसोटी गावात गोजराआत्या नावाची बाई होती. डोंगराईदेवीच्या जत्रेचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. आणि पळसोटीचा आग्रह तर असा, की ताटावर बसलेल्यानं नको म्हणणं म्हणजे देवीचा अपमान.

होता होता आत्या म्हातारी झाली. एके काळी ती ढीगभर भाकऱ्या पचवायची, आता अर्ध्या भाकरीनं तिचं पोट जड व्हायचं, घशाशी आंबट यायचं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, पंगतीला आपल्या वयाचं कुणीच दिसत नाही. का येत नाही, असं विचारत ती दारोदार फिरली. कुणी गुडघे सांगितले, कुणी डोळे. जुना पैलवान तात्याबा तेवढा खरं बोलला.

"गोजरे, पाय धड आहेत. पोट ऐकत नाही. वाढणाऱ्याला नको म्हणवत नाही, अन् खाल्लं की अंथरूण धरतो. म्हणून घरीच बसतो."

आत्या थेट पाटलांकडे गेली. "औंदा म्हाताऱ्यांची पंगत आधी. ऊन आहे तोवर. मऊ अन्न, अन् आग्रह नाही."

"आत्या, बिनआग्रहाची पंगत मयताच्या घरी असते."

"मग चूल तुम्हीच पेटवा," म्हणाली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.

जत्रेचा दिवस उजाडला. पाहुणे आले, सूर्य डोक्यावर आला, तरी धूर दिसेना. शेवटी पाटील स्वतः निखारा घेऊन आले. "आत्या, म्हाताऱ्यांची पंगत आधी, तुम्ही म्हणाल तशी." आत्या उठली. तिनं मंद आचेवर जोंधळ्याच्या कण्या शिजवल्या, वर आलं-जिऱ्याचं ताक.

"वय झालं की पोटातली आग मंदावते," ती वाढणाऱ्यांना म्हणाली. "तिला थोडं थोडंच द्यावं."

काठ्या टेकत सगळे म्हातारे आले. असं म्हणतात, सगळे पोटभर जेवले तरी हंड्यातल्या कण्या तसूभरही कमी झाल्या नाहीत. असंही म्हणतात, की त्या दिवशी देवीची पालखी त्यांनीच डोंगरावर नेली. पुढच्या दांडीला तात्याबा, आणि तरणी पोरं मागून धापा टाकत. चुलीपाशी उभी राहून आत्या बघत राहिली, आणि कितीतरी वर्षांनी तिला कडकडून भूक लागली.

आजही पळसोटीच्या जत्रेत पहिली पंगत म्हाताऱ्यांची, तीही उन्हं असताना. वाढणारा एकदाच विचारतो, "वाढू?" ताटावर हात आडवा आला की मुकाट पुढं सरकतो. चुकून कुणी "घ्या की" म्हणालाच, तर त्याच्या हातातली पळी काढून घेतात आणि त्याला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवतात. मग तो पाटलांच्या घरचा का असेना.