राजबोराची आठोळी

राजेसाहेबांनी बहिरू माळ्याला कोठडीत टाकलं, तेही बोरांपायी!

बोरं साधीसुधी नव्हती म्हणा. राजवाड्याच्या बागेत राजबोराचं एकच झाड होतं. फळ लिंबाएवढं, करकरीत, आणि गोड असं की खाणाऱ्याने बोलणंच विसरावं. कोंडगावचे राजे रणधवल राज्याला जपत नसत तेवढं या झाडाला जपत. पाहुण्यांना बोरं मिळत, पण आठोळी मात्र चांदीच्या ताटात थुंकूनच जायचं! कुणी घरी नेऊन पेरली तर? शेजारच्या राज्याच्या वकिलालासुद्धा शिपायांनी 'आ' करायला लावून जीभ उचलून बघितली होती. ताट भरलं की आठोळ्या राजेसाहेबांच्या देखत भट्टीत जात.

आणि आता बहिरूची पोर गोजरा भर बाजारात तीच बोरं टोपलीभर घेऊन बसलेली सापडली.

"माळ्याने आठोळी चोरली!" राजे दरबारात गरजले.

"न्हाई चोरली, महाराज," गोजरा म्हणाली. "आमच्या दारचं झाड आठोळीतनं आलंच न्हाई."

"मग काय वरून पडलं?"

"व्हय, वरनंच पडलं!"

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. झालं, राजांचं डोकं फिरलं! त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. बागेच्या भिंतीबाहेर एक गावठी बोर उभी होती, इतकी आंबट की शेळीसुद्धा एकदा तोंड लावून पुन्हा फिरकत नसे.

"ती बोर गोड करून दाखव, पुढच्या संक्रांतीपर्यंत! आठोळी पेरायची नाही, रोप लावायचं नाही, माझ्या बागेत पाऊल टाकायचं नाही. जमलं तर बाप सुटेल. नाही जमलं तर तो कोठडीतच म्हातारा होईल, आणि तुमच्या दारच्या झाडाचं मी सरपण करीन!"

गोजराने कोठडीच्या दिशेने पाहिलं. बाप दमेकरी, कोठडी ओलसर. पण राजासमोर रडायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. ती मुजरा करून निघाली.

उन्हाळ्यात तिने कुऱ्हाड आणली आणि आंबट बोर गुडघाभर ठेवून बाकीची तोडून टाकली. पहाऱ्यावरचे शिपाई पोट धरधरून हसले.

"अगं, गोड करायला सांगितली होती, ठार करायला नव्हे!"

"तुमी दात झाका, माशी जाईल," गोजरा म्हणाली. खुंटाला हिरवेगार फुटवे फुटले. त्यातले चांगले चार तिने ठेवले, बाकीचे खुडले आणि वाट बघत बसली.

आषाढात राजबोराने आपला दरवर्षीचा आगाऊपणा केला. त्याच्या काटेरी फांद्या पायवाटेवर झुकल्या आणि सकाळी फिरायला निघालेल्या राजांचा फेटा त्यांनी अलगद उचलून घेतला. राजांचं टक्कल साऱ्या बागेला दिसलं!

"छाटा! फेका भिंतीबाहेर!"

माळी कोठडीत, म्हणून शिपायांनीच फांद्या छाटल्या आणि भिंतीवरून भिरकावल्या. नेमके तेव्हाच राजपुरोहित आबाशास्त्री नवंकोरं सोवळं नेसून पलीकडून चालले होते. काटा टाचेत, सोवळं फांदीत! शास्त्रीबुवा लंगडत, फांदी ओढत, तसेच दरबारात आले.

"महाराज, तुमच्या फांदीने सोवळं फाडलं. भरपाई द्या!"

राजे पक्के चिक्कू. "भिंतीबाहेर गेलेली फांदी माझी नव्हेच! ज्याला सापडेल त्याची! तुम्हाला सापडली, तुमची झाली. अभिनंदन!"

शास्त्रीबुवा राजाला मनातल्या मनात अस्सल संस्कृतात शिव्या देत बाहेर पडले. भिंतीपाशी गोजरा उभी होती. त्यांनी तिच्यापाशी सगळी गाऱ्हाणी ओकली.

"मग शास्त्रीबुवा, तुमची ही फांदी मला देता का?"

"ने बाई! तोंड बघायचं नाही मला तिचं!"

गोजराने धारदार सुरी काढली. फांदीवरचा नखाएवढा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद उचलला, आंबट बोरीच्या फुटव्याची साल चिरून तिच्यात सरकवला आणि केळीच्या सोपटाने घट्ट बांधला. तीन फुटव्यांवर तीन डोळे भरले. चौथा मुद्दाम तसाच सोडला.

संक्रांतीला राजे लवाजम्यासह भिंतीबाहेर आले. खुंटावरचं झाड बोरांनी वाकलं होतं! राजांनी एक बोर तोंडात टाकलं आणि त्यांचे डोळे मिटले.

"राजबोर! पोरी, तू इथे माझी आठोळी पेरलीस!"

"मग ह्या फांदीचं बी खाऊन बघा." गोजराने चौथ्या फुटव्याचं बोर पुढे केलं. राजांनी ते चावलं आणि त्यांचं तोंड असं झालं की लवाजम्यातला घोडासुद्धा बिचकला.

"झाड त्येच, खुंट त्योच, महाराज. तीन फांद्यांवर तुमच्या राजबोराचे डोळे भरल्यात. आमच्या दारचं झाड बी बानं असंच केलं, वरनं पडलेल्या फांदीवरनं."

"माझ्या फांदीचे? म्हणजे आठोळी नाही, तू फांदी चोरलीस!"

"ते शास्त्रीबुवांना इचारा की!"

आबाशास्त्री याच क्षणाची आषाढापासून वाट बघत असल्यासारखे पुढे झाले. "महाराज, भिंतीबाहेर गेलेली फांदी कुणाची? आपली असेल तर माझं सोवळं द्या. शिवाय इथे काटा मोडलेल्या साऱ्या गावाच्या टाचांचीही भरपाई द्या! आपली नसेल तर..."

"...तर माझ्या बाला सोडा!" गोजरा म्हणाली.

राजांनी शास्त्रीबुवांच्या सोवळ्यावरच्या ठिगळाकडे पाहिलं. मग गावाच्या टाचांचा हिशेब मनात केला आणि घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही! माझी नव्हेच! सोडा त्या बहिरूला!"

बहिरू खोकत, डोळे किलकिले करत बाहेर आला. गोजराने त्याला मिठीच मारली. राजे मात्र तिसरं गोड बोर संपवून सवयीने इकडे तिकडे पाहू लागले.

"ताट कुठंय? आठोळी..."

"थुंका की कुठंबी, महाराज! राजबोराची आठोळी पेरली तरी आंबटच बोर उगवती. इतकी वर्सं तुमी लोकांच्या जिभा तपासल्या, आन् गोड बोरं भिंतीवरनं सोताच फेकली!"

राजांचं पोट हललं, मिशा हलल्या आणि ते असे खदाखदा हसले की फेटा पुन्हा पडला. हसता हसताच त्यांनी आठोळी भिंतीवर थुंकली आणि चांदीचं ताट गोजराला देऊन टाकलं.

"घे पोरी! आता याचा मला काय उपयोग?"

गोजराने ताट तीनदा धुऊन घेतलं, मगच हातात धरलं.