उर्थियेने मागितलेला वर

पूर्वी, रोमनगरी जगाची स्वामिनी झाली नव्हती, सात टेकड्यांवरची एक हट्टी, भुकेली वसाहत होती आणि शेजाऱ्यांची हिरवी कुरणे पाहून तिच्या तोंडाला पाणी सुटत असे, त्या काळची ही कथा. टायबर नदीच्या उत्तरेस, ताशीव कड्यावर, तार्सेना नावाची नगरी नांदत होती. तिची ग्रामदेवता उर्थिया. तटरक्षिणी, धान्यदायिनी, प्रसन्नवदना. ती स्वस्थानी आहे तोवर तार्सेनेचा तट ढळणार नाही, असे विधिलिखित होते. मंदिर मात्र लाकडी, कौलारू आणि गळके. दर सुगीला पौरजन नवे मंदिर बांधण्याची शपथ घेत, आणि सुगी सरली की रोमकांशी युद्ध उभे राही. मग कसले मंदिर नि कसले काय! देवी रुसली नव्हती, पण कुठेतरी खुपत होते. देव झाले म्हणून काय, मन त्यांनाही असतेच.

तिची वृद्ध पुजारीण वेलिया रोज सकाळी ओल्या वस्त्राने तिचे मुख पुसे आणि तिच्याशी घरच्या माणसाशी बोलावे तशी बोले.

एके वर्षी रोमकांनी तार्सेनेला वेढा घातला. शिड्या मोडल्या, भुयारे ढासळली, यंत्रे जळून खाक झाली, तरी तटाचा एक चिरा हलेना. तेव्हा एका जख्ख पुरोहिताने सेनापती नुमेरियसाला सांगितले, "सेनापते, देव घरी असताना घर लुटता येत नाही. आधी देवाला आपल्याकडे बोलवा." रोमकांची ही रीतच मोठी विलक्षण. दुसऱ्याचे राज्य घ्यायचे, तर आधी त्याचे दैवत मानाने आपल्या घरी न्यायचे.

नुमेरियसाने मस्तकावरून वस्त्र घेतले आणि तटासमोर उभे राहून, बाहू उभारून मेघगंभीर स्वरात म्हटले, "हे देवी, या नगरीचे रक्षण करणारी तू जी कोणी असशील, तुला रोम वंदन करीत आहे! हे मोडके देऊळ सोड. आम्ही तुला पाषाणाचे उत्तुंग मंदिर देऊ, शुभ्र वृषभांचे बळी देऊ, वर्षोवर्षी तुझ्या नावे महोत्सव करू. याहून अधिक काही हवे असेल, तर माग. दिला शब्द रोम मोडत नाही."

देवांनी माणसांना 'वर माग' म्हटल्याचे आपण पुष्कळ ऐकले आहे. इथे माणूस देवीला तसे म्हणत होता.

गाभाऱ्यात वेलिया खुदकन हसली. "ऐकलंस का, आई? मेले खुळे! तुला बोलावतायत! ओरडू देत, घसा बसेल त्यांचाच."

त्या विश्वासाने देवीला मेल्याहून मेल्यासारखे झाले, कारण मनाने ती ते पाषाणमंदिर केव्हाच पाहून आली होती. तिने स्वतःला समजावले, 'तार्सेनेच्या लेकराबाळांना अभय मिळणार असेल, तरच जाईन.' शब्द ओठांपर्यंत आले. पण सेनापतीच्या कानी तिची दिव्य वाणी पडली ती अशी:

"छप्पर गळता कामा नये."

"तथास्तु," नुमेरियस म्हणाला. मग क्षणभर थांबून त्याने विचारले, "आणखी काही, देवी?"

देवी गप्प राहिली.

त्याच क्षणी तट कोसळला. नगरीत आक्रोश चालला असताना काही रोमक तरुण स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून, अनवाणी गाभाऱ्यात आले. एकाने अदबीने विचारले, "देवी, रोमला येतेस ना?"

"नाही येणार ती!" दाव्याने हात बांधलेली वेलिया दारातून ओरडली.

मूर्तीने मान हलवली. होकारार्थी.

वेलिया धडपडत मूर्तीपाशी आली. देवी कळवळून म्हणाली, "वेलिये, मला शाप दे!"

"कुणाच्या नावानं देऊ? जन्मभर तुझ्याच नावानं देत आले." बांधल्या हातांनीच तिने वस्त्राचे टोक धरून देवीचे मुख पुसले. "जा. पण एकटी नको राहूस, आई. तुझ्यासारखीच दैवतं तुझ्या शेजारी येऊन बसोत."

मिरवणुकीत, फुलांनी सजलेल्या रथातून, उर्थियेला वेलिया दासांच्या रांगेत चालताना दिसली. देवीने दुसरीकडे पाहिले.

पुढे रोम वाढतच गेली. नगरीमागून नगरी पडली आणि प्रत्येक तटासमोर सेनापती ओरडू लागले, "उर्थियेला विचारा, आम्ही शब्द पाळतो की नाही!" देव असे फितवता येतात हे कळल्यावर रोमकांची स्वतःचीच झोप उडाली, आणि आपल्या रक्षक दैवताचे नाव त्यांनी असे दडवले की ते उच्चारणाऱ्याला देहदंड ठरला.

एके दिवशी उर्थियेच्या पाषाणमंदिरात अशीच एक देवता नव्याने आणली गेली. फुलांचे हार अजून ताजे होते. बावरून तिने उर्थियेला विचारले, "ताई, माझ्या माणसांचं काय केलं असेल हो यांनी?"

"त्यांच्यासाठी काही मागितलं होतंस?"

नवी देवता खाली पाहू लागली.

"माझंही राहून गेलं," उर्थिया म्हणाली आणि सरकून तिने तिला शेजारी जागा करून दिली.