हातमागावरचे हात

एकदा एका विणकराच्या मुलीने वडिलांच्या हातमागाची छायाचित्रे काढली. सुलक्षणा तिचे नाव. ती शाळेत चित्रकला शिकवीत असे. गुडघे साथ देईनात म्हणून वडिलांनी माग मोडायचे ठरवले होते. शेवटच्या दिवशी तिने कृष्णधवल फिल्मचा एकच रोल वापरला, न्हाणीघर अंधारे करून तो स्वतःच्या हाताने धुतला आणि वाळल्यावर स्कॅनरवर ठेवला. तोवर मागाची लाकडेही घरातून गेली होती.

पडद्यावर उमटलेले चित्र देखणे होते. खिडकी लख्ख पांढरी, माग काळाभोर. पण वडिलांचे हात कुठेच नव्हते. काळ्या रंगाने ते गिळून टाकले होते. आपल्या धुण्यातच चूक झाली, असे वाटून ती खचली आणि रोल घेऊन गुरूंकडे गेली. उभी हयात स्टुडिओत घालवलेले ते वृद्ध गृहस्थ हल्ली घरीच ही विद्या शिकवीत.

गुरुजींनी फिल्म उजेडापुढे धरली, भिंग लावून बराच वेळ पाहिली. मग ती स्कॅनरवर ठेवून त्यांनी यंत्राच्या सगळ्या आपोआप होणाऱ्या सुधारणा बंद केल्या, काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा दोन्हीकडून सैल सोडल्या. नवे चित्र आले ते राखेसारखे, फिकट, निर्जीव.

"वा! उत्तम झाले," गुरुजी म्हणाले.

सुलक्षणा गोंधळली. "गुरुजी, हे तर पहिल्याहून वाईट. यात काही दमच नाही."

गुरुजी हसले. "मुली, पहिल्या वेळी यंत्राने चित्र घेता घेताच निवाडा करून टाकला. चित्र ठसठशीत दिसावे म्हणून जे वगळले, त्यात तुझ्या वडिलांचे हात गेले. फिल्मवर ते आहेत, मी आत्ताच पाहिले. तुझ्या धुण्यात खोट नाही. आधी सगळे ओंजळीत घ्यावे. निवड मागाहून करता येते, पण घेतानाच जे सांडले ते कुठून आणणार? बैस आता. सावकाश गडद करत जा."

ती बसली. हळूहळू राखेतून बोटांची पेरे दिसू लागली, आणि दोन बोटांच्या चिमटीत केसाएवढी एक रेघ.

संध्याकाळी तिने ते चित्र छापून वडिलांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ घेतला.

"हा धागा तुटला होता बघ," ते म्हणाले. "त्याला गाठ मारत होतो. तू फोटो काढतेयस, हे कळलंच नाही मला."

मग ते त्या गाठीविषयी सांगू लागले: ती कोणी शिकवली, ओल्या बोटांनी का मारायची, सुताला कशी बसते आणि रेशमाला कशी. एरवी सुलक्षणा "माहीत आहे, बाबा" म्हणून त्यांना मध्येच तोडत असे. त्या संध्याकाळी तिने सगळे ऐकून घेतले.