ऐकवत नाही

"...मग याहून हळू आणखी काय करू, बाबा?"

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. नवा तंबोरा मांडीवर आडवा होता आणि ते तारेखाली सुताचा धागा सरकवत होते.

"कशाहून हळू?"

"माझ्या संगीताहून."

यशोधन आठ वर्षं मिरजेला बाबांच्या तंबोऱ्यांच्या दुकानात येऊन नुसता तंबोरा लावायला शिकला होता. पुढं त्यानं पुण्यात स्टुडिओ काढला. मन शांत करणारं संगीत तो बनवायचा. दवाखान्यांत ते लावत, विमानांत लावत. तुमच्यामुळं झोप लागते म्हणून अनोळखी माणसं त्याला कळवायची. आपल्या कानाचा त्याला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर कान होताच तसा.

फक्त त्याची बायको ते संगीत लागलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची.

दोन वर्षांपूर्वी सुनेत्राला मोठा ताप आला. ताप गेला, पण तेव्हापासून तिला आवाज टोचायला लागले. कुकरची शिट्टी, भांड्यावर आपटलेलं भांडं, रस्त्यातला हॉर्न. आताही ती कानांत कापूस घालून दुकानाच्या ओसरीवर बसली होती. सोमवारी ती भावाकडे राहायला जाणार होती. परत कधी येणार, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि यशोधनला विचारायचा धीर झाला नव्हता.

"ती म्हणते, ऐकवत नाही."

"कोण ऐकवत नाही? तू?"

"मी ऐकवतो हो! रोज ऐकवतो. तिला ऐकवत नाही."

बाबांच्या घरात दखनी बोलत. मराठी शब्द ते कधी कधी असे हातात धरून उलटेपालटे करून बघत.

"शब्द तर एकच आहे की."

"अर्थ वेगळे आहेत, बाबा."

"असतील..."

एवढ्या लांब येऊन व्याकरण शिकवायची वेळ आली, याचा यशोधनला राग आला. त्यानं मोबाईल काढला आणि आपलं सगळ्यांत गाजलेलं काम लावलं. खाली एक लांबलचक गुंजन, वर बासरी, वाहतं पाणी, मध्येच एखादं पाखरू.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

पाखरू ओरडलं. काही वेळानं पुन्हा ओरडलं.

"हे परत कधी ओरडणार?"

"तीच तर गंमत आहे! कळतच नाही. दर वेळी वेगळ्या जागी ठेवलंय, म्हणजे ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही."

"मग ती त्याची वाट बघत बसत असणार."

"...वाट?"

"आणि आवाज कमीजास्त करायचं बटण कुणाच्या हातात असतं?"

"माझ्या. कुठं किती हवा, ते तिला कसं कळणार?"

बाबांनी पुन्हा तारेखालचा धागा हातात घेतला.

"बाबा, पाखरू काढून टाकू का?"

धागा आणखी थोडा सरकला.

"बासरी काढू? सगळंच काढलं तर उरलं काय? मग मी तिच्यासाठी केलं काय?"

बाबा उठले. तो नवा तंबोरा घेऊन ओसरीवर गेले आणि सुनेत्रासमोर ठेवला. तारेकडं बोट दाखवलं, मग हात असा हलवला, की हवं तर, नको तर राहू दे. परत येऊन जागेवर बसले.

यशोधननं मोबाईलवरचं संगीत बंद केलं.

मग एक तार वाजली. ती पार विरून जाईपर्यंत ओसरी गप्प होती. मग पुन्हा तीच तार.

यशोधन दारात जाऊन उभा राहिला. मागोमाग बाबाही आले.

सुनेत्रानं एका कानातला कापूस काढून पदरावर ठेवला होता. भोपळ्यावर गाल टेकवून ती एकच तार छेडत होती, थांबत होती, मनाला येईल तेव्हा पुन्हा छेडत होती. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला होता. दोन वर्षांत यशोधननं तिला असं पाहिलं नव्हतं. त्याला रडू येईल असं वाटलं.

तो आनंद मिनिटभर टिकला असेल. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा," तो कुजबुजला, "तार उतरलीय."

"नवी आहे. उतरणारच."

"आणखी उतरतेय... तिला कळत नाही. जरा खुंटी पिळली तर..."

तो पुढं झाला. बाबांनी त्याचं मनगट धरलं. हात म्हाताऱ्याचा होता, पण पकड सुटेना.

तार पुन्हा वाजली. पाव सूर खाली. सुनेत्राला ते कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्याची फिकीर नव्हती.

यशोधनचे दात आंबले. तार पुन्हा वाजली आणि त्याचा मोकळा हात आपोआप कानावर गेला.

"सोडा, बाबा... खरंच सोडा. मला ऐकवत नाही."

सुनेत्राचं बोट हवेतच थांबलं. तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं, ओळखीचं कुणीतरी भलत्याच गावात भेटावं तसं.

यशोधनला काही कळेना. आपण आत्ता काय बोललो? कानावरचा हात काढावा, की तसाच ठेवावा? त्यानं बाबांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग तारेकडं. आणि तसाच उभा राहिला.

बाबांनी मनगट सोडलं.

"बस तिच्याजवळ," ते म्हणाले. "आता कुठं तू तिच्या घरात पाय टाकलास."