जावईबापूंची छऱ्याची बंदूक

एका गावात एक भोळा जावई होता. रंगनाथ त्याचं नाव. सांगितलेलं काम तो कधीच टाळायचा नाही, आणि सासऱ्यांची सगळी पंचाईत तीच होती.

सासरे म्हणजे हणमंतमामा. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. पेरूच्या बागेत मांडव पडला, कोठीत बुंदीचे लाडू वळून झाले. लाडवांचा वास लागला वानरांना. मामांनी तालुक्याहून छऱ्याची बंदूक आणली. चांगली जोराची. ती रंगनाथच्या हातात देऊन म्हणाले, "जावईबापू, वानरांना मारायचं नाही बरं. झाडाच्या शेंड्यात छर्रा सोडायचा, पानं हलली की पळतात. आधी बंदूक मोडायची, मग छर्रा घालायचा. समजलं?"

"समजलं, मामा."

रंगनाथने बंदूक दगडावर ठेवली आणि मुसळाचे दोन घाव घातले. लाकडी दस्ता तुटून बाजूला पडला. मग तो विचारायला आला, "मामा, मोडली. छर्रा कुठल्या तुकड्यात घालू?"

मामांनी डोळे मिटून घेतले. जावयाला अरेतुरे करता येत नाही. "अहो, मोडायची म्हणजे नळी धरून खाली वाकवायची. आत स्प्रिंग कडक असते. जोर लावायचा आणि कट्ट वाजेपर्यंत सोडायचं नाही."

"असं होय! आधी सांगायचं ना."

सुताराने खिळे मारून दस्ता जोडला. तेवढ्यात लग्नाला म्हणून गोदाआत्या आल्या. ओट्यावर टेकत म्हणाल्या, "कंबर धरलीय बाई. वाकवतच नाही."

"जोर लावावा लागतो, आत्या," रंगनाथ म्हणाला. त्याने त्यांचे खांदे धरले आणि खाली दाबले. कट्ट वाजलं. मग शब्दाला जागून त्याने लगेच सोडलं.

आत्यांची किंकाळी वेशीपर्यंत गेली. त्यांना तेल लावून निजवलं, आणि मामांनी बंदूक स्वतःच चालवून बघितली. असा धडाका उडाला की म्हैस दावं तोडून पळाली.

"लग्नघरात एवढा आवाज नको," मामा म्हणाले. "जावईबापू, आवाज दाबायचा तर तोंडाला गोधडी गुंडाळायची."

लग्नाच्या दिवशी वरात आली. नवरदेव घोड्यावर, मागे बँड. पुढे नवऱ्या मुलाचे वडील. मांडवात पाऊल ठेवताच ते गरजले, "राम राम मंडळी!" पेरूवरचे कावळे उडाले.

'केवढा हा आवाज!' रंगनाथच्या मनात आलं. तो धावत आत गेला आणि गोधडी घेऊन आला. तीन वेढे दिले, वर गाठ मारली.

चौघांनी मिळून गाठ सोडवली. व्याही लालबुंद झाले होते. "मोडलं! हे लग्न मोडलं!"

रंगनाथचा चेहरा खुलला. खिशातून डबी काढत तो म्हणाला, "मोडलं ना? आता छर्रा घालायचा."

मामांनी व्याह्यांच्या पायांवर पागोटं ठेवलं. आत नवरी रडायला लागली. शेवटी नवरदेवच घोड्यावरून ओरडला, "बाबा, मला करायचंय हो लग्न!" तेव्हा कुठे व्याही निवळले, आणि लाडवांची परात मांडवात आली.

आणि समोरच्या पेरूवर वानरांची अख्खी टोळी उतरली.

रंगनाथने या वेळी काही चुकवलं नाही. नळी वाकवली, कट्ट वाजलं, छर्रा घातला, नेम धरला. आणि पुढचं ठाऊक नव्हतं म्हणून तसाच उभा राहिला.

"बघताय काय, जावईबापू?" मामा ओरडले. "घोडा ओढा! घोडा ओढला की सुटतं!"

बंदुकीच्या चापालाही घोडा म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रंगनाथने बंदूक खाली ठेवली, पळत जाऊन लगाम धरला आणि नवरदेवासकट घोडा ओढत मांडवात आणला. घोड्यामागे बँडवाले वाजवत आले. त्या गदारोळात वानरं पार पळून गेली. घोडा बिचकला, गर्रकन फिरला, परातीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने शेपूट वर केलं.

रंगनाथ आनंदाने ओरडला, "सुटल्या गोळ्या, मामा! एकदम सात! आणि नेम बघा, सगळ्या परातीत!"