पिराजीचा उजवा हात

फार वर्षांपूर्वी, म्हणजे उसाचा घाणा अजून बैल ओढायचे त्या काळी, आपल्या हिंगणवाडीत पिराजी नावाचा गुळव्या होऊन गेला. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा मालक नव्हे बरं का, पण रस उकळायच्या त्या मोठ्या कढईपुढं, काइलीपुढं, मालकाचंही काही चालायचं नाही. मळी कधी काढायची, काईल कधी उतरवायची, सगळं गुळव्याच्या शब्दावर. पिराजी तर नुसत्या वासावरून सांगायचा, "हं, आला गूळ." त्याच्या काइलीचा वास सुटला की पाच कोसांवरची तान्ही पोरं झोपेत जीभ चाटायची, असं म्हणतात. हसू नका, माझ्या आज्यानं सांगितलंय.

आता काइलीच्या मागं खाली एक खड्डा असतो. तिथं चुलवाणाच्या तोंडाशी बसून एक माणूस दिवसभर चिपाडं आत सारतो, जाळ धरून ठेवतो. पिराजीच्या हाताखाली हे काम म्हाळूबाचं. वीस हंगाम धुरात बसून त्याचे डोळे लालभडक झालेले, भुवया जळून गेलेल्या. खालून त्याला काईल दिसायची नाही. वरून पिराजीनं "सार" म्हटलं की सारायचं, "आवर" म्हटलं की आवरायचं. बिचाऱ्याचा सगळा भरवसा वरच्या आवाजावर.

एके दुपारी गुऱ्हाळाचे मालक खंडेराव पाहुणे घेऊन आले. पिराजीला त्यांनी स्वतःच्या हातानं पान दिलं आणि म्हणाले, "असा गुळव्या उभ्या खोऱ्यात न्हाई." झालं! गडी फुगला. पान चघळत आपल्याच कौतुकात रंगला आणि "आवर" म्हणायचं विसरला. म्हाळूबा खाली सारतोय, सारतोय. एकदा त्यानं विचारलंही, "पिराजी, आवरू का रं?" पण वरच्या हसण्याखिदळण्यात त्याचं कोण ऐकतंय! काईल करपली.

पाहुण्यांसमोर मालकांचं तोंड एवढंसं झालं. ते तरातरा खड्ड्याशी गेले.

"डोळं फुटलं का तुझं, म्हाळ्या? केवढा जाळ घातलास! ऊठ, पुन्हा या गुऱ्हाळावर दिसू नगंस."

म्हाळूबानं वर बघितलं, पिराजीकडं. पिराजीच्या तोंडात पान होतं. तो ते चघळत राहिला.

म्हाळूबानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो गेला. काईल करपवल्याचा ठपका एकदा बसला की दुसरं कुठलं गुऱ्हाळ त्या माणसाला उभं करत नसे. म्हातारपणी बापडा कामातून उठला म्हणा ना.

खड्ड्यात दुसरा गडी बसला. तगडा, नजरेचा चांगला. पण दुसऱ्या दिवशी गूळ धरेना, तिसऱ्या दिवशीही धरेना. भेंडीचं पाणी घालून झालं, लिंबू उतरून टाकलं, चुलवाणाला नारळ फोडला. रस आपला नुसता उकळतोय. आणि पिराजी काइलीत डोकावला की त्याला फेसात म्हाळूबाचे लाल डोळे दिसायचे, असं म्हणतात. चौथ्या दिवशी त्यानं चालता घाणा थांबवला, नदीपल्याड शेरडं राखत बसलेल्या म्हाळूबाचा हात धरला आणि त्याला साऱ्या गावासमोर काइलीपाशी आणून उभं केलं.

"मालक, काईल मी करपवली," पिराजी म्हणाला. "ज्याला काईल दिसतच न्हाई, त्याच्यावर करपवल्याचा आळ कसला घेता? मला दिसत हुती. अन् तुम्ही ह्याला बोललासा तवा मी गप बसलो. ती चूक तर काइलीपरास मोठी."

"जाऊ दे रं पिराजी," म्हाळूबा पुटपुटला. "झालं गेलं गंगेला मिळालं."

"न्हाई म्हाळूबा. चूक माझी, तर चटका बी माझाच."

आणि त्यानं उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या रसात घातला. बायका किंचाळल्या. आणि काय सांगू, त्याच घडीला फेस बसला, रसाला सोन्याचा रंग चढला आणि इतके दिवस रुसलेला गूळ धरला! हात बाहेर निघाला तेव्हा त्याचा एक केससुद्धा जळाला नव्हता, असं म्हणतात.

माझा आजा मात्र इथं मान हलवायचा. तो म्हणायचा, भाजला होता, चांगला भाजला होता. पुढं वर्षभर पिराजी डाव्या हातानं जेवला, आणि पंगतीत कुणी एका शब्दानं त्याला हसलं नाही. तुम्हाला जे पटेल ते घ्या. पण त्या दिवशीचा पहिला गरम गूळ उसाच्या पाल्यावर घेऊन तो स्वतः खड्ड्यात उतरला आणि आपल्या जागेवर परत बसलेल्या म्हाळूबाला त्यानं तो दिला, याबद्दल मात्र दोन मतं नाहीत.

बैल गेले, इंजिन आलं. तो वासही आता पहिल्यासारखा राहिला नाही, की माझंच नाक म्हातारं झालं, कोण जाणे. पण हंगामाची पहिली काईल चढली की हिंगणवाडीचा गुळव्या अजून खड्ड्यात उतरून धुरात बसतो, आणि जाळ घालणारा वर उभा राहून त्याला "सार", "आवर" सांगतो. पहिला गूळ खड्ड्यातल्या माणसाचा. आणि कधी काईल करपलीच, तर कुणी खाली बघत नाही. गुळव्या पुढं होतो आणि मुकाट्यानं उजवा हात वर करतो. तिथं बोलणं संपतं.

माझा बाप चाळीस हंगाम त्या खड्ड्यात बसला. त्याच्या नावावर एकही करपलेली काईल नाही.