गोन्झोच्या भिंतीच्या फटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मोजणारे कधीच गेले. जपान देशात, डोंगर जिथं समुद्राकडं उतरतो तिथं किसावा नावाचं शहर होतं. टेकडीवर काळ्या लाकडाचा पाचमजली किल्ला आणि पायथ्याला, तटाला खेटून, टोफू करणाऱ्यांची आळी. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. आपल्याला फिकं लागतं, त्यांना गोड लागतं.

तो तट बांधला गोन्झो पाथरवटानं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. एकेका दगडासमोर तो दिवसभर बसायचा आणि हळूच विचारायचा, "बाबा, तुला कुठं बसायचंय?" दगड सांगायचा, असं म्हणतात. माणसांशी मात्र गोन्झो वसकन बोलायचा.

बायको ओकिनू म्हणायची, "माझ्याशी कधी इतकं गोड बोललात?"

"तू कुठं दगडासारखी गप्प बसतेस?"

बारा वर्षांनी तट उभा राहिला. पाऊस पडला की फटीफटीतून पाणी ठिबकायचं आणि सगळी भिंत गुणगुणायची. आळीतल्या बायका त्याच पाण्यात मुळे धुवायच्या.

पुढं एका वर्षी मोठे सरदार पाहुणे येणार म्हणून किल्ल्याचा कारभारी हिरोताका तट बघायला आला. अंगात रेशीम आणि डोक्यात हवा.

"ही भिंत आहे का म्हातारीचे दात? केवढ्या या फटी! लिंपून टाका."

गोन्झो म्हणाला, "कारभारीसाहेब, दगडांमागं माती आहे. तिच्यात मुरलेलं पाणी या फटींतून बाहेर येतं. वाट बुजवलीत तर ते भिंत घेऊनच बाहेर येईल."

"तू दगड उचल. शोभा कशात आहे ते मला कळतं. आणि भिंतीला पुन्हा हात लावलास, तर दोन्ही हात मनगटापासून तोडीन."

फटींत चुना भरला. भिंत लग्नातल्या नवरीसारखी गुळगुळीत झाली. पाहुणे येऊन वाहवा करून गेले. शहाणे लोक असेच असतात, वरून बघतात आणि घरी जातात.

मग शरद ऋतूतलं वादळ आलं. तीन दिवस आणि तीन रात्री पाऊस. चौथ्या दिवशी सकाळी गोन्झो उठला, तर भिंत गप्प! एक थेंब ठिबकत नव्हता. त्यानं कान लावला. आत दगड अडलेल्या गाईसारखे कण्हत होते, असं म्हणतात. आणि भिंतीचं पोट पुढं आलं होतं, बरोबर टोफूआळीवर.

"पळा रे!" तो ओरडला. पण भिजत घातलेलं सोयाबीन टाकून कोण पळतंय? शिवाय घरोघरी म्हातारी माणसं अंथरुणावर. गोन्झोनं आपल्या हातांकडं एकदा बघितलं. मग भिंतीच्या फुगाऱ्याला पाठ लावली आणि पाय रोवले.

"मी धरतो. तुम्ही चुना उकरा!"

"कशानं उकरायचं?" ओकिनूनं विचारलं. गोन्झोचे छिन्नी-हातोडे कारभाऱ्यानं किल्ल्यात कुलुपात ठेवले होते. तिनं स्वतःच घरात जाऊन जेवणाच्या काड्या आणल्या. मग घराघरातून काड्या आल्या. म्हाताऱ्या उठल्या, आणि सगळी आळी भिंतीला टोकरू लागली.

तेवढ्यात हिरोताका शिपाई घेऊन आला. "धरा त्याला! तोडा हात!"

"तोडा," गोन्झो म्हणाला. "पण आधी इथं कान लावा."

कारभाऱ्यानं कान लावला, आणि त्याचं तोंड टोफूसारखं पांढरंफटक पडलं. एका म्हातारीच्या हातातल्या काड्या घेऊन त्यानं गुडघे चिखलात टेकले. रेशमाचा लगदा झाला. तो उकरत होता आणि पुटपुटत होता, "चुकलं माझं. चुकलं माझं."

आणि पाणी सुटलं! धारा आळीची छपरं ओलांडून पलीकडच्या ओढ्यात पडल्या, असं म्हणतात. त्याबरोबर दोन मासे टोफूवाल्याच्या टोपात पडले. टोफूवाला मरेपर्यंत तीन सांगायचा. आणि दगड, ते पोरांसारखे एकेक करून आपल्या जागी मागं सरकले. एकही घर पडलं नाही.

गोन्झोचे हात शाबूत राहिले. त्यानंतर तो रोज दुपारी त्याच ठिकाणी पाठ टेकून बसायचा आणि ओकिनूच्या हातचा चहा प्यायचा. तिथल्या दगडाला त्याच्या पाठीचा खळगा पडलाय. हात फिरवला तर मणके लागतात, असं म्हणतात.

किल्ला पुढं आगीत गेला. तट आहे तसाच आहे. दर वर्षी वादळांच्या आधी सगळं शहर वापरलेल्या काड्या घेऊन तिथं जमतं आणि फटींतलं गवत, माती उकरतं. पहिली फट उकरायचा मान नगराध्यक्षाचा. त्यानं गुडघे चिखलात टेकायचे आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, "चुकलं माझं." काय चुकलं ते कोणी विचारत नाही. काहीतरी चुकलेलं असतंच.

मग वरून घागरभर पाणी ओततात आणि खाली सगळे गप्प उभे राहतात. पहिला थेंब ठिबकला की म्हाताऱ्याकोताऱ्या म्हणतात, "बोलला गोन्झो." आणि सगळे जेवायला जातात.